रुकैयाच्या बरण्या

दिवाळी अंकासाठी सेवेतला समाधानाचा एखादा प्रसंग लिहा, असं संपादक म्हणाले. समाधानाचे प्रसंग माझ्याकडे पोत्याने आहेत, पण ते मी निरोप समारंभात सांगून संपवले, समोरचे जांभया देईपर्यंत. न सांगितलेला एकच उरलाय आणि तो मत्सराचा आहे. माझ्याच मत्सराचा. चकली खाता खाता वाचायला तो बरा लागणार नाही, पण माझा इलाज नाही.

मी आरोग्यसेविका होते. लोक आम्हाला 'सिस्टर' म्हणतात. म्हसळ्याहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं उपकेंद्र: दोन खोल्या, एक वजनकाटा, लसींचा थंड डबा आणि एक खुर्ची, जिच्यावर माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही असा मी नियम केला होता. बाहेरच्यांना वाटतं, सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई. सुई टोचणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम म्हणजे दारोदार फिरून कुणाला दिवस गेलेत, कुणाचं बाळ अंगावर पीत नाही, कुठल्या म्हाताऱ्याने बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद केलीय, हे हुडकणं. डॉक्टर येतात आणि बदलून जातात. सिस्टर वर्षानुवर्षं तिथेच असते. मग गाव आपलं वाटायला लागतं, आणि गावातली दुखणीसुद्धा आपलीच वाटायला लागतात. ही खोड आमच्या पेशात बऱ्याच जणींना असते. मला जरा जास्तच होती.

माझा पेशंट दुसऱ्या कुणाकडे गेला की माझ्या पोटात दुखायचं. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर म्हसळ्याला नवीन दवाखान्यात जाऊन बीपी तपासून आले, तर मी पंधरा दिवस त्यांच्या घरावरून मान वळवून जात होते. शेवटी तेच चार कैऱ्या घेऊन उपकेंद्रात आले. म्हणाले, "सिस्टर, तिथलं मशीन चांगलं आहे, पण ओरडायला कुणी नाही." मी हसले आणि त्यांना माफ केलं. जणू त्यांनी गुन्हाच केला होता.

अल्फियाला पोलिओचा पहिला डोस मी पाजला. पुढच्या सगळ्या लशी माझ्याच हातच्या. तिचा बाप मस्कतला, घरी तिची आई नसीम आणि ती, अशा दोघीच. अल्फिया पाच वर्षांची असताना एका सकाळी नसीम तिला घेऊन आली.

"सिस्टर, हिचे डोले बघा वो. झोप लय झाली का काय?"

झोपेने डोळे असे सुजत नाहीत. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मग तिची लघवी परीक्षानळीत घेऊन दिव्यावर उकळली. आमची ही जुनी पद्धत. लघवी नितळ राहिली तर ठीक, पांढरी होऊन फाटली तर शरीरातलं प्रथिन बाहेर चाललंय. अल्फियाची नासलेल्या दुधासारखी फाटली. किडनी ही चाळणी असते. तिची भोकं मोठी झाली की रक्तातलं चांगलं ते गळून जातं आणि अंगाला सूज येते. मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या लवकर कुणी पकडलं हे?" नसीम म्हणाली, "आमच्या सिस्टरने." हा संवाद मी नसीमकडून निदान चार वेळा वदवून घेतला असेल.

पुढची दोन वर्षं अल्फिया माझी होती. नसीमला रोज सकाळी लघवी उकळून बघायला मी शिकवलं, वहीत कसं लिहायचं ते शिकवलं. औषधाने पोरीचे गाल फुगले, शाळेत पोरं चिडवायची, म्हणून शाळा सुटली की ती उपकेंद्रात यायची. माझ्या खुर्चीवर बसायची. होय, त्याच खुर्चीवर. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून मला सांगायची, "सिस्टर, तुमी मीठ कमी खा." नसीम माझ्याशिवाय तिला साधं खोकल्याचं औषधसुद्धा देत नसे. "सिस्टर बोलल्या काय? मग दे," एवढंच तिचं गणित.

अल्फिया सात वर्षांची झाली आणि औषध लागू पडेनासं झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी किडनीची बायोप्सी सांगितली. पाठीतून लांब सुई घालून किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग कुठलं औषध चालेल ते ठरतं. नसीमने 'तुकडा' हा शब्द ऐकला आणि माझ्या पुढ्यात बसून रडली. मी म्हटलं, "रडतेस काय? मी येते बरोबर." रजा टाकली. पिशवी भरली.

आणि जायच्या आदल्या दिवशी रुकैया कुवेतहून उतरली.

रुकैया ही अल्फियाची फुफी, बापाची मोठी बहीण. उंच, बोलायला हळू, पायात पांढरे बूट. तिकडे इस्पितळात बरीच वर्षं वॉर्डात मदतनीस होती. नर्स नव्हे, हे मी पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतलं. ती म्हणाली, "सिस्टर, तुमी कशाला तरास घेता? मी हाय ना. दोन महिन्यांची रजा काढून आलंय." किती गोड बोलली. मी घरी जाऊन पिशवी रिकामी केली आणि त्या दिवशी नवऱ्याला आमटीत मीठ कमी पडलं म्हणून नव्हे, तर त्याने तसं म्हटलं म्हणून बोलले.

चौथ्या दिवशी ते लोक परत आले. मी ड्रेसिंगचा डबा घेऊन लगेच गेले. अल्फिया पडवीलगतच्या खोलीत उताणी निजली होती आणि रुकैया तिच्या तळहातावर मेंदी काढत होती. बायोप्सीनंतर दोन आठवडे मुलाने पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, सायकल नाही, की जड उचलायचं नाही. आतली जखम दिसत नाही, पण ती कच्ची असते. सात वर्षांच्या पोरीला हे कसं समजावणार? मी सगळ्या युक्त्या मनात योजून आले होते, गोष्टी, चित्रांची वही. या बाईने दोन्ही हातांवर मेंदी काढली आणि पोर तीन तास हलली नाही. मेंदी वाळली की पायांवर काढायची होती.

"सिस्टर, बघा, हा विमान हाय," अल्फियाने हात दाखवला. "फुफीचा विमान."

"छान," मी म्हटलं. मला त्या विमानाचा राग आला.

मी पट्टी बघायला गेले तर रुकैया म्हणाली, "ती आज सोडायची न्हाय, सिस्टर. कोरडी ठेवायला सांगितलीय. कागदावर लिवलाय." कागद तिने माझ्या हातात दिला. बरोबर लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला, चूक सापडावी म्हणून.

मग मला पडवीच्या कठड्यावर त्या बरण्या दिसल्या. मुरांब्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, ओळीने. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, तिच्यावर वार आणि वेळ. प्रत्येकीत बोटभर लघवी. पोरीने लघवी केली की रुकैया त्यातली थोडी बरणीत ओतून आधीच्या बरणीशेजारी ठेवायची. "असं ओळीत ठेवलं की रंग बदलला तर लगेच कलतो," ती म्हणाली. "एकटी बघितली तर डोल्याला फसवते. आमच्या वॉर्डात अशीच ठेवायचे."

आता सांगते, ही पद्धत अगदी योग्य आहे. सुई गेलेल्या किडनीतून नंतर कधीही रक्त येऊ शकतं, आठवड्यानेसुद्धा. ते आधी लघवीत दिसतं, अगदी फिकट, आणि रंग हळूहळू चढत जातो. कालची लघवी शेजारी असेल तर आजचा फरक दिसतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते मी त्या घरात सांगितलेलं नव्हतं, तिने सांगितलं होतं. शिवाय नसीम तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर दोन वर्षं माझ्या मालकीची होती.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा अल्फियाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुफी तिला कुवेतच्या सरकत्या जिन्याची गोष्ट सांगत होती. मी पडवीत आले आणि नसीमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरात आजारी मूल, आणि पडवीत लघवीचं प्रदर्शन मांडलंय! माश्या बसतात. जंतू होतील. पोरीला औषधाने आधीच ताकद कमी. फेका हे सगळं."

खरं तर बरण्यांना झाकणं होती. एकही माशी नव्हती.

रुकैया म्हणाली, "सिस्टर, दोन आठवडे तरी..."

"इथे मी जबाबदार आहे," मी म्हटलं.

नसीमने एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठून बरण्या उचलायला लागली. "सिस्टर बोलतायत तर ठेवायच्या न्हाय, आपा," ती म्हणाली. रुकैया तिला मदत करायला गेली. मी घरी आले ते इतक्या खुशीत की वाटेत कोळणीकडून सुरमई घेतली.

दोन दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, नसीमचा फोन आला. "सिस्टर, हिची लघवी जरा काली वाटते. आपा बोलते, हॉस्पिटलला विचारू या."

त्यांच्या संडासात अंधार, आणि फरशी तपकिरी. तिथे रंग काय दिसणार? मी सांगायला हवं होतं की स्वच्छ बरणीत धरा, उजेडात बघा, मी आलेच. पण बरणी हा शब्द माझ्या तोंडून निघेना. तो उच्चारला की रुकैया जिंकली. मी म्हटलं, "पाणी कमी पडत असेल. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पुरतं पाज. औषधानेही होतं असं."

"मग हॉस्पिटलला न्हाय ना विचारायचा?"

"कशाला उगाच? मी बुधवारी येतेय."

त्या घरापासून माझं उपकेंद्र चालत दहा मिनिटांवर होतं. मंगळवारी मला दुसरं काही काम नव्हतं.

बुधवारी सकाळी गेले तेव्हा दारात गाडी उभी होती. चालक आत बसून होता. अल्फिया कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ पांढरे. नसीम भिंतीला टेकून बसली होती, आणि रुकैया तिच्यापुढे उभी राहून, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात, बोलत होती, "नसीम, ऊठ. किती वेल थांबणार?"

"सिस्टर येऊ दे," नसीम म्हणाली. "सिस्टर बोलल्या तर लगेच निघू."

हे वाक्य मी उंबऱ्यात उभी राहून ऐकलं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टाकला होता, तेच हे वाक्य होतं. पोर पांढरी पडत होती आणि तिची आई माझ्या शब्दाची वाट बघत बसली होती.

रुकैयाने मला पाहिलं. ती मोरीकडे गेली आणि तिने बादलीमागून चार बरण्या आणून माझ्यासमोर खिडकीत ठेवल्या. तिने त्या ठेवणं बंद केलंच नव्हतं, फक्त लपवायला लागली होती. पट्ट्यांवर तेच नीट अक्षर. सोमवार सकाळ, वाळल्या गवतासारखी पिवळी. सोमवार संध्याकाळ, फिकट चहासारखी. मंगळवारची लालसर. बुधवारची मी कोकमाच्या आगळासारखी सांगेन, आणि तळाशी एक गाठ.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार अल्फियाचा आला नाही. पहिला विचार आला, 'हिने माझं ऐकलं नाही.' तो विचार एक क्षण टिकला असेल. पण तो आला होता, हे मला माहीत आहे.

मग मी पोरीची नाडी धरली. ती इतकी वेगात होती की मला मोजताना चुकायला झालं. मी म्हटलं, "नसीम, निघ. आत्ता."

नसीम तत्काळ उठली. सोमवारी माझ्या एका शब्दावर ती जशी बसली होती, तशीच आता एका शब्दावर उठली.

म्हसळ्याच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतलं आणि सरकारी अँब्युलन्सने मुंबई गाठली. सगळ्या वाटेने अल्फियाचं डोकं रुकैयाच्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला ती "बिस्मिल्ला" म्हणून पोरीचं अंग दोन्ही हातांनी धरून ठेवायची, हिसका बसू नये म्हणून. मी पायाशी बसून नाडी बघत होते. मध्येच अल्फियाने डोळे उघडले आणि विचारलं, "फुफी, सिस्टर पण आलीय?" रुकैया म्हणाली, "आलीय ना. तुझी सिस्टर तुला सोडून राहील काय?" मी खिडकीबाहेर बघितलं.

मुंबईत रक्त चढवलं. किडनीतली एक बारीक शीर गळत होती, ती त्यांनी मांडीतून नळी घालून बंद केली. तरुण डॉक्टर बाहेर आले तेव्हा नसीम कागद करायला खाली गेली होती. त्यांनी विचारलं, "लघवी लाल कधीपासून?"

"सोमवार संध्याकाल," रुकैया म्हणाली.

"आणि आज बुधवार. इतका उशीर? हे असं कुणालाही होऊ शकतं, त्यात तुमची चूक नाही. पण उशीर का केलात?"

मी तोंड उघडलं. मग पदर सारखा करायला लागले. रुकैया माझ्याकडे न बघता म्हणाली, "लांबून आलो, डॉक्टरसाब. रस्ता वाईट हाय." डॉक्टरांनी वैतागून मान हलवली आणि तिला चांगलं झापलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

अल्फिया वाचली. बायोप्सीचा अहवाल आला, त्याप्रमाणे दुसरं औषध सुरू झालं आणि ते लागू पडलं. महिन्याभरात तिचे गाल उतरले. नसीमने गावभर सांगितलं की सिस्टरने नाडी बघितली आणि लगेच ओळखलं, सिस्टर नसती तर पोरगी गेली असती. बाजारात बायका मला थांबवून हात जोडायच्या. मी "अहो, माझं कामच ते" असं म्हणायचे. हे वाक्य नम्र असतं आणि त्यात काहीही कबूल करावं लागत नाही, म्हणून ते मला फार उपयोगी पडलं.

रुकैयाची रजा संपली. जायच्या दिवशी मी गेले, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. तिची बॅग पडवीत होती, नसीम आत तिच्यासाठी सांदण बांधत होती. आम्ही दोघीच. मी मनात माफीची जुळवाजुळव करत होते, आणि तोंडातून काय निघालं, तर "तिकडे आता उकाडा असेल, नाही?"

"हाय ना," ती म्हणाली. "सिस्टर, बरण्या काढायला नको होत्या, हा मी कुणाला सांगितला न्हाय. नसीमला पण न्हाय. तिला वाटतं, माश्यांसाठीच काढल्या. फोनवर तुमी काय बोललाव, त्याचा पण मी विषय काढला न्हाय."

मी विचारलं, "का नाही सांगितलंस? मी तुझ्या जागी असते तर..." पुढचं बोलवेना. मी तिच्या जागी असते तर खाडीपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं असतं.

"मी चालले," ती म्हणाली. "भाऊ तिकडे. नसीमला काय कलत न्हाय, ती घाबरते. हिचं औषध अजून दोन वर्षं हाय. नसीमचा तुमच्यावरचा भरोसा उडाला तर हिला कोण बघेल? मना तुमचा राग आलेला. अजून हाय. पण हिला तुमी लागता."

एवढं बोलून ती बॅगेची चेन लावायला वाकली.

तोवर मी त्या बाईच्या उंचीवर जळले, बुटांवर, मेंदीवर, कुवेतच्या जिन्यावर जळले. त्या सगळ्यापेक्षा जास्त मी त्या क्षणी जळले. तिने आपल्या रागाच्याही पुढे जाऊन त्या पोरीचा विचार केला होता. मी दोन वर्षं त्या पोरीचा म्हणून जो विचार करत होते, तो बराचसा माझाच होता.

पुढची दोन वर्षं मी अल्फियाला बघितलं. एक दिवस चुकवला नाही. ही बढाई नाही, मला तसं सांगूनच ठेवलं होतं. आता औषध बंद आहे, मी निवृत्त आहे, उपकेंद्रात नवी सिस्टर आली आहे आणि नसीमचा तिच्यावर भरोसा बसला आहे. म्हणून आता लिहायला हरकत नाही. अंक छापून आला की पहिली प्रत मी स्वतः नसीमच्या हातात देणार आहे. तिला काय वाटायचं ते वाटो.

त्या दिवशी रुकैयाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि अल्फियाने भोकाड पसरलं. नसीमने घेतलं, थोपटलं, खाऊचं आमिष दाखवलं. काही उपयोग नाही. शेवटी तिने पोरीला उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. अल्फियाने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर तोंड दाबून "फुफी, फुफी" म्हणून हुंदके द्यायला लागली.

"सिस्टर, तुमी समजवा हिला," नसीम म्हणाली. "तुमचा ऐकते ती."

"रडू दे," मी म्हटलं. "रडावं अशीच बाई गेलीय."